अडीच नव्हे, सहा चाळीस

गिरीश, परवा अक्का तुझं पहिलं मासिक श्राद्ध घालणार आहे, आणि ते चुकीच्या तिथीला घालणार आहे. घरात हे फक्त मला माहीत आहे, कारण ती तिथी माझ्याच तोंडून गेली.

तुझ्याविषयी लिहायला बसलं की चार लोक लिहितात तसं काहीतरी सुचतं. मनमिळाऊ होता, हसतमुख होता, सावद्याच्या केळीच्या धंद्यात नाव राखून होता. तू हे वाचलं असतंस तर म्हणाला असतास, हा कोण बुवा, आपल्या ओळखीतला दिसत नाही. मनमिळाऊ तू होतास, पण माझ्याशी नाही. माझ्याशी तुझं भांडण पाळण्यातलं. तू माझ्या मावशीचा, म्हणजे अक्काचा मुलगा, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, आणि त्या चार महिन्यांचा तुला एवढा माज की दर राखीला ‘आधी दादा म्हण’ म्हणत हात मागे घ्यायचास. मी कधी म्हटलं नाही. गिऱ्याच म्हटलं, आणि तू मला सुजी. आपली चाळिशी उलटली, तुला दोन मुलं झाली, मी धुळ्याला मेडिकलच्या मुलांना न्यायवैद्यक शिकवणारी सुजाता मॅडम झाले, तरी गिऱ्या आणि सुजीच राहिलो. शेवटचे दहा महिने तेवढंही नव्हतं, कारण आपण बोलतच नव्हतो.

ते सगळं सुरू झालं तुझ्याच ओट्यावर. मी दिवाळीला आले होते, अक्का आत फराळाचं भरत होती, आणि तू केळं सोलता सोलता विचारलंस की हल्ली काय चाललंय. मी म्हटलं, माणूस किती वाजता मेला ते कसं ओळखायचं यावर काम करतेय. पुस्तकात काय लिहिलंय म्हणालास. मी सांगितलं, मेल्यावर देह हळूहळू गार होत जातो, त्यावरून हिशेब मांडतात. तू केळ्याचा घास गिळलास आणि म्हणालास, “आन मे महिन्यात? बाहीर पंचेचाळीस, मानूस सदतीस. तो गार कव्हा व्हईन?”

गिऱ्या, हीच गोष्ट पटवायला मला वर्गात अर्धा तास लागतो. थंड देशातली कोष्टकं आपल्याकडे उन्हाळ्यात चालत नाहीत, म्हणून तर मी स्नायूंकडे वळले होते. तुला मी तेही सांगितलं. माणूस मेला तरी त्याच्या मांडीतलं मांस लगेच स्वस्थ बसत नाही. त्यातलेच रस त्यातलीच प्रथिनं कातरायला घेतात. सगळी एकदम नाही. डेस्मिन नावाचं एक प्रथिन लवकर हार मानतं, ट्रोपोनिन त्याच्या मागोमाग, आणि काही दांडगी बरेच दिवस हलत नाहीत. हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, वाटायचा, जेलच्या पातळ थरातून विजेनं सरकवायचा, की प्रत्येकाची एकेक पट्टी उमटते. कुठली पट्टी शाबूत आहे, कुठली फिकी पडली, कुठलीचे दोन तुकडे झाले, ते पाहून किती वेळ गेला ते सांगायचं. मला वाटलं तू कंटाळशील. तू साल हातात धरून ऐकत होतास. मग म्हणालास, हे तर आपल्या केळ्यासारखंच झालं. घड उतरवून किती दिवस झाले हे विचारून पिकल्याचा अंदाज येत नाही, त्यानं किती ऊन खाल्लं ते विचारावं लागतं.

आमच्या विषयातले लोक तापमान आणि तास यांचा गुणाकार करतात, तो हाच. मी तेव्हा तुला शाबासकी दिली नाही. आत्ता देते, आणि तिचा तुला काही उपयोग नाही.

मला बावीस अंशांवर शेळीच्या मांड्या पाच दिवस टांगून ठेवायच्या होत्या, दर चार तासांनी एकेक तुकडा काढायचा होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक मांडी धड मावत नव्हती. तुझ्याकडे केळी पिकवायची चार चेंबर होती, त्यातलं मागचं लहान रिकामं पडलेलं. तूच म्हणालास, तिथं टांग. मी म्हटलं, अक्का? गळ्यात माळ घातलेली बाई, जिच्या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही. तू म्हणालास, अक्काला मी पाहतो. तू पाहिलंस ते असं, की केळीच्या खोक्यात मांड्या घालून, वरून केळीचं पान झाकून, मोटारसायकलवर आणल्यास. खाटकानं तुला म्हणे दोनदा विचारलं, भाऊ, तुम्हीच ना? अक्काला सांगितलंस की सुजीचं औषधाचं सामान आहे, उघडलं की बिघडतं. ती ते पाचही दिवस त्या चेंबरवरून जाताना पदर नाकाला लावून जायची आणि काही बोलायची नाही. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, हे मला तेराव्याला तुझ्या बायकोनं, वहिनीनं सांगितलं.

दाराच्या पाटीवर तू रोज तापमान लिहायचास. मधल्या शनिवारी रविवारी मी आले, तुकडे काढले. इतर दिवशी तूच काढलेस, मी शिकवलं तसं, हातमोजे घालून, बर्फाच्या डब्यात नावनंबर टाकून. केळीच्या फण्या सोडवणारे हात, पण तुकडा असा नेमका काढायचास की माझ्या एमडीच्या मुलांनी शिकावं. पाटीवर पाचही दिवस बावीस, बावीस, बावीस. मी त्या बावीसवर सगळी मांडणी केली आणि विभागाच्या बैठकीत पडद्यावर लावली. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, तिसऱ्या दिवशी डेस्मिनची पट्टी एवढी लवकर कशी गेली, मॅडम? मी नुसते कागद उलटत राहिले. सगळ्यांदेखत.

मी तशीच बस धरून सावद्याला आले होते. तू गाडी भरून घेत होतास. मी विचारलं, तिसऱ्या दिवशी चेंबरमध्ये काय झालं? तू सहज सांगितलंस की दोन वेळा मिळून नऊ-दहा तास लाईट नव्हती, डिझेल होतं तेवढं केळीच्या चेंबरला लावलं, दिल्लीची गाडी होती. मांड्यांवर ओली पोती टाकली होतीस. मी म्हटलं, मग पाटीवर बावीस का लिहिलंस?

“अवं सुजे, पाटीवर जे लावेल आहे तेच लिह्यतेत. खरं कोन लिहितं?”

तुझ्या धंद्यात ते बरोबरच होतं. मशीन बावीसवर लावलं की पाटीवर बावीस. मधे काय झालं ते व्यापाऱ्याला कोणी दाखवत नाही, आणि त्यालाही पाहायचं नसतं. तुला त्यात लबाडी दिसतच नव्हती. मला मात्र तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, तू मला फसवलंस. म्हटलं, उद्या माझ्या आकड्यावर कोर्टात कुणाला शिक्षा होईल, तास चुकला की निर्दोष माणूस आत जातो, तुला त्याचं काय, तू केळी पिकव. हमालांसमोर म्हटलं. तू कधी चिडायचा नाहीस, त्या दिवशी चिडलास. म्हणालास, वेळ वेळ करत बसतेस, “मरेल मानसाले घड्याळ नसतं.” मी म्हटलं, जिवंतांना असतं. आणि आले निघून. तेवढ्यावर आपला वाद राहिला. मला वाटलं होतं कधीतरी पुढे चालवू.

त्यानंतर मी राखीला आले नाही, पोस्टानं पाठवली. तू ती बांधल्याचा फोटो पाठवलास. मी त्यावर नुसता अंगठा टाकला. दिवाळीलाही आले नाही.

आता तो दिवस. तुझ्या बाजूचं मला सांगता येत नाही, मी माझं सांगते. संध्याकाळ होती, मी कॉलेजातून येऊन चहा टाकला होता. फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर होता आणि त्यावर तुझं नाव आलं, गिऱ्या, केळ्याच्या चित्रासकट. दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी पाहत उभी राहिले. मनात काय होतं तेही सांगते: वाजू दे. गरज असेल तर पुन्हा करील. तो पूर्ण वाजला आणि थांबला. मी चहा गाळला. पुन्हा काही वाजला नाही. मी पण केला नाही. सहा चाळीस.

सकाळी वहिनीचा फोन आला. ती मुलांना घेऊन रावेरला माहेरी होती. तू अक्काला सांगून गेला होतास की बागेला पाणी द्यायचंय, लाईट उशिरा येणार, तिकडेच झोपेन. म्हणून कोणी वाट पाहिली नाही. भुरसिंग, तुझ्या बागेचा राखणदार, दुपारी एकला तुझ्याबरोबर भाकरी खाऊन सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या घरी गेला होता. सकाळी सातला परत आला तेव्हा तू केळीच्या ओळीत पडलेला. नळी सुटून तिथं पाणी साचलं होतं आणि फोन त्यात बुडालेला. तो पुन्हा चालू झालाच नाही. त्यात काय होतं ते कोणी पाहिलं नाही.

मी पोचले तेव्हा तुला दवाखान्यात आणलं होतं. तिथले डॉक्टर मला म्हणाले, मॅडम, तुम्ही आत या. मी आत गेले. हे मी हजार वेळा केलेलं आहे, गिऱ्या. जबडा पाहिला, मान पाहिली, पाय पाहिले. ताठरपणा वरून सुटायला लागला होता, पायांत अजून होता. त्या उन्हाळ्यात यावरून काय सांगणार? डॉक्टरांनी लिहिलं, बारा ते चोवीस तास. बरोबरच लिहिलं, मीही तेच लिहिलं असतं. कारण हृदयाचं, संशय काही नाही. माझ्या हातांना मात्र ठाऊक होतं की मांडीच्या बाहेरच्या बाजूनं एक हरभऱ्याएवढा तुकडा घेतला, बर्फात टाकला, तर पुढच्या आठवड्यात मी यापेक्षा बरं उत्तर देऊ शकेन. नुसतं म्हणायचं होतं. मला म्हणता आलं नाही. तुझी मांडी होती ती. मी तुझ्या पायावर चादर नीट केली आणि बाहेर आले. संध्याकाळी तुला अग्नी दिला आणि तो प्रश्न तिथंच संपला, माझ्या विषयापुरता.

घरापुरता नाही संपला. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी पंचांग उघडलं. त्या दिवशी सव्वाचारपर्यंत नवमी, पुढे दशमी. कुठल्या वेळी गेले ते कळलं तर तिथी धरता येईल, नाहीतर जन्मभराचं श्राद्ध चुकायचं. दवाखान्याच्या कागदावर बारा ते चोवीस तास, त्यात दोन्ही तिथ्या बसत होत्या. मग सगळ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “आपली सुजी सांगीन. तिचं कामच ते आहे.”

मला वेळ काढायला ना मांडीचा तुकडा लागत होता, ना जेल. माझ्या पर्समध्ये फोन होता आणि त्यात सहा चाळीस होतं. सहा चाळीसला तू जिवंत होतास, याहून पक्का पुरावा मला कुठल्याच प्रकरणात मिळालेला नाही. पण ते सांगितलं असतं तर पुढचं वाक्य कोणीतरी म्हणालंच असतं: मग काय म्हणाला तो? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, दुपारी. अडीचच्या सुमाराला. गुरुजींनी नवमी लिहिली.

मशीनवर जे लावलंय तेच लिहिलं, गिऱ्या. खरं कोण लिहितं? तुझ्या बावीस अंशांना लाईट तरी गेली होती. माझ्याकडे सगळं चालू होतं.

तेराव्याला मी निघताना रूपाली वहिनीनं एक शंभरपानी वही दिली. तुझ्या टेबलात होती म्हणाली, तुमचंच काहीतरी आहे. वर तुझ्या मोठ्या अक्षरात ‘सुजीची शेळी’. आत त्या पाच दिवसांचा तास न् तास. चेंबरमध्ये केळीसाठी जे तापमान नोंदणारं छोटं यंत्र असतं ते आपोआप टिपून ठेवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी भांडायच्या घाईत विचारलं नव्हतं. तू त्यातून एकेक आकडा उतरवला होतास. बावीस, बावीस, मग लाईट गेल्यावर चोवीस, सत्तावीस, एकतीस, तेहेतीस. समोर बारीक अक्षरात: पोती ओली केली. पुन्हा ओली केली. शेवटच्या पानावर शेवटचा तास, खाली रेघ, आणि काही नाही.

मी धुळ्याला येऊन ती सगळी मांडणी त्या खऱ्या आकड्यांवर पुन्हा केली. ती बसली. तिसऱ्या दिवशी डेस्मिन का गेलं ते सरळ दिसलं: त्यानं जास्त ऊन खाल्लं होतं. जी माझी बिघडलेली मांडी होती तीच सगळ्यांत खरी निघाली, कारण बाहेर शेतात कोण बावीस अंशांवर मरतं? आणि एवढं सगळं नीट बसूनही उत्तर येतं ते चार तास इकडे, चार तास तिकडे. तुझा तुकडा मी घेतला असता तरी अडीच आणि सहा चाळीस यांत फरक करणं त्या मांडणीला जडच गेलं असतं. हे कळल्यावर मी कागद बाजूला सारले आणि हमसून रडले. कशासाठी रडले ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

माझा खरा प्रश्न तर कुठल्याच पट्टीवर नाही. तू फोन कशाला केलास? छातीत दुखायला लागलं म्हणून? जवळ डॉक्टर बहीण आहे, तिला विचारू, म्हणून? की वही पूर्ण झाली होती आणि सांगायचं होतं, घे तुझी शेळी, आता तरी बोल? पहिलं असेल तर मी तुला मारलं. दुसरं असेल तर नाही. मी दिवसातून वीस वेळा एकदा हे धरते, एकदा ते.

हे सगळं मी पोटात ठेवलंही असतं. ठेवणारच होते. माणसं याहून मोठ्या गोष्टी ठेवतात. पण काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, ताई, तुम्ही अक्काला समजवा, माझं ऐकत नाहीत. रोज दोन वाजले की ओट्यावर जाऊन बसतात, उन्हात, डोक्यावर पदर घेत नाहीत, पाणी घेत नाहीत. चार वाजता उठून आत येतात. विचारलं तर म्हणतात, त्यानं सोसलं ते मला सोसू दे. काल उठताना भोवळ आली. मी म्हटलं, दोनलाच का? वहिनी म्हणाली, तुम्हीच नाही का सांगितलं, अडीचला गेले म्हणून.

शहात्तर वर्षांची बाई, गिऱ्या. अजून पाऊस नाही, जूनचं ऊन. महिनाभर रोज ती माझ्या खोट्या अडीचवर बसते आहे. मेलेल्याला घड्याळ नसतं हे तुझं खरं होतं, आणि जिवंतांना असतं हे माझं.

*

वरचं लिहून मी कागद तसेच ठेवले आणि सकाळी जळगावची बस धरली, तिथून सावद्याची. आता पुढचं लिहिते.

मी पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. अक्का ओट्यावर होती, खाली फरशी तापलेली, पाय पसरून, डोळे मिटलेले. मी तिच्या शेजारी बसले. चटका बसला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, तू कशाला आली उनाची. मी ठरवून आले होते की आधी तिला आत नेईन, पाणी पाजीन, मग हळूहळू सांगीन. तसं काही झालं नाही. मी तिथंच सांगितलं. म्हटलं, अक्का, तो अडीचला गेला नाही. मी खोटं बोलले. त्यानं मला सहा चाळीसला फोन केला होता.

 मी फोन काढून तिच्यापुढे धरला. ती वाचू शकत नाही, पण केळ्याचं चित्र तिला कळलं. मग तिनं तेच विचारलं ज्याला मी महिनाभर भ्याले होते.

“काय म्हने?”

मी म्हटलं, मी उचलला नाही, अक्का. आमचं भांडण होतं. मी पाहत होते, उचलला नाही.

तू तुझ्या आईला ओळखतोस. मला वाटलं ती मला ओट्यावरून उठवील. उठवायला हवं होतं. तिनं फोन हातात घेतला, उलटापालटा केला, जसं बाजारातून आणलेलं काही पाहावं. मग विचारलं, तेव्हा उन्हं उतरली होती ना? मी म्हटलं, हो, सावल्या लांब झाल्या होत्या. तिनं मान हलवली. तिचा सगळा महिना त्या दुपारच्या उन्हात गेला होता. मग पुन्हा विचारलं.

“कट केला, का पुरा वाजला?”

मी म्हटलं, पूर्ण वाजला. आपोआप थांबेपर्यंत.

“म्हंजे तवढा येळ तर तो होता.”

मला आधी कळलं नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं. तुझ्या शेवटच्या दिवसातलं भुरसिंगनंतरचं काहीच आमच्याकडे नाही. ना कुणी पाहिलं, ना कुणी ऐकलं. दवाखान्याचे बारा तास, माझे चार तास इकडे आणि चार तास तिकडे, गुरुजींची नवमी, सगळे अंदाज. खात्रीचं एवढंच आहे: फोन वाजत होता तेवढं पाऊण मिनिट. तेवढं पाऊण मिनिट तू दुसऱ्या टोकाला कानाशी फोन धरून होतास, श्वास घेत होतास, वाट पाहत होतास. तिला तेच हवं होतं. मी कशासाठी तोंड लपवत होते, आणि ती त्यातलं काय उचलून घेऊन बसली.

मला तिनं माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ती तसं काही म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठायला हात मागितला, आत गेली, तांब्याभर पाणी प्यायली, आणि वहिनीला म्हणाली, गुरुजीले सांग, नवमी नही, दशमी. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही मी सांगितलं. ती चुलीकडे वळली आणि बराच वेळ तिची पाठ मला दिसत राहिली. ती पाठ मला आयुष्यभर दिसणार आहे.

संध्याकाळी अक्का पुन्हा ओट्यावर आली. आता फरशी निवली होती, केळीची एक गाडी रावेरकडे गेली, समोरच्या घरात दिवा लागला. मला म्हणाली, वाजले की सांग. मी सहा चाळीसला सांगितलं. आम्ही दोघी तेवढा वेळ बसलो, मधे फोन ठेवून. तो वाजणार नव्हता, तरी आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. मी मनात एकदा दादा म्हटलं. फार उशीर झाला होता, आणि ते तुला ऐकू गेलं असं मी मानत नाही.

आमच्या कागदात एक रकाना असतो. मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, बाकी सगळं राहू द्या, हा रकाना आधी भरा, कारण प्रथिनं चुकतील, ताठरपणा चुकेल, हा सहसा चुकत नाही: मृताला शेवटचं जिवंत कोणी पाहिलं. तुझ्या कागदात तिथं भुरसिंगचं नाव आहे, दुपारी एक.

ते चूक आहे, गिरीश. शेवटचं मी पाहिलं. संध्याकाळी सहा चाळीसला, धुळ्यात, चहा उकळत असताना. पाऊण मिनिट मी तुझ्या नावाकडे पाहत उभी होते.